लव्हाळा उपटून का जात नाही, आणि घरच्या हिरवळीतून तो कसा घालवावा

परभणीच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, घरासमोरच्या सुमारे ६०० चौरस फूट लॉनमध्ये गेल्या पावसाळ्यापासून लव्हाळा शिरला आहे. माळी दर पंधरा दिवसांनी तो उपटतो, तरी चार-पाच दिवसांत त्याची पाती पुन्हा हिरवळीच्या वर डोकावू लागतात. शेजाऱ्यांनी २,४-डी हे तणनाशक फवारायला सांगितले, दुकानदाराने ग्लायफोसेट हे दुसरे तणनाशक सुचवले, एका नातेवाइकांनी मीठ टाकण्याचा सल्ला दिला, आणि माळ्याचे म्हणणे असे की सगळे लॉन रोटाव्हेटरने उलथून नव्याने लावावे. यांपैकी काय करावे, हा त्यांचा प्रश्न आहे.

मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत घरांच्या आणि शाळांच्या बागा करण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्यासमोर ठेवलेल्या या चारही उपायांपैकी एकही आपण करू नये. लव्हाळा घालवता येतो. मात्र त्याला दोन पावसाळे द्यावे लागतात, आणि तो जमिनीखाली कसा राहतो हे आधी समजून घ्यावे लागते.

प्रथम तो लव्हाळाच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण हरळीखेरीज जे काही हिरवे दिसते त्या सर्वाला लोक सरसकट गवत म्हणतात. एक रोप बुडाशी धरून त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहावा. लव्हाळ्याचा दांडा तीन कडांचा लागतो, पाने बुडातून तीन बाजूंना निघतात, त्यांना मेणासारखी चकाकी असते आणि फुलोरा तांबूस-जांभळट असतो. खुरप्याने थोडे खोल उकरले की काळसर, खरबरीत गाठ हाती येते आणि ती फोडली तर उटण्यातल्या नागरमोथ्याची आठवण व्हावी असा वास येतो. ही ओळख केवळ माहितीसाठी नाही. लव्हाळा गवत नाही आणि रुंद पानांचे तणही नाही. तो मोथावर्गातला आहे, म्हणून त्या दोन गटांसाठी बनवलेली बहुतेक तणनाशके त्याच्या गाठीपर्यंत पोहोचत नाहीत.

जगातील सर्वांत उपद्रवी तणांची क्रमवारी १९७७ मध्ये तज्ज्ञांनी मांडली, तेव्हा लव्हाळ्याला पहिला क्रमांक मिळाला होता. दुसरा क्रमांक होता हरळीचा. आपल्या अंगणात आज जी झुंज चालली आहे ती याच दोघांची आहे. कपाशीच्या रानात ज्या हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीतली आडवी खोडे, वेचून शेतकऱ्याची कंबर मोडते, तीच हरळी अंगणात आपण हौसेने लावतो. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे, कारण हरळीला नीट पोसले तर लव्हाळ्याला दडपण्याचे बरेचसे काम ती स्वतः करते. ते कसे, हे पुढे सांगतो.

लव्हाळ्याचे बी फारसे रुजत नाही. त्याचा सगळा पसारा गाठींवर चालतो. एका गाठीतून कोंब वर येतो, जमिनीलगत त्याचे फुगीर बूड तयार होते, त्या बुडापासून दोऱ्यासारखे धुमारे आडवे पसरतात आणि त्यांच्या टोकाला नवी रोपे किंवा नव्या गाठी धरतात. अशा रीतीने एकाच दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी गाठींची साखळी जमिनीत तयार होते. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटर थरात असतात, परंतु बाहेरून आणलेली मऊ माती खोल पसरलेली असेल तर त्या ३० सेंटीमीटरपर्यंतही सापडतात. साखळी अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि मागच्या अनेक गाठी निद्रिस्त राहतात. साखळी तुटली की प्रत्येक तुकडा मोकळा होतो आणि स्वतंत्रपणे फुटू लागतो.

पाती धरून ओढली की रोप बुडाशी तुटते आणि गाठ खालीच राहते, हे आपल्या माळ्याच्या कष्टांचे फळ न मिळण्याचे कारण आहे. गाठीवर एकाहून अधिक डोळे असतात, त्यामुळे एक कोंब गेला तरी दुसरा तयार असतो. रोटाव्हेटर मात्र याहून कितीतरी जास्त नुकसान करतो, कारण तो साखळ्यांचे तुकडे करून ते सगळ्या जागेत सारखे पेरून देतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका बंगल्यासमोरच्या कोपऱ्यात लव्हाळ्याचे दोन-तीन ठिपके होते, आणि मातीची मशागत चांगली व्हावी या हेतूने मी संपूर्ण जागेत रोटाव्हेटर फिरवून वर नवे लॉन बसवले. पुढच्या पावसाळ्यात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लव्हाळा उभा होता. त्या मालकांचे पैसे आणि एक वर्ष माझ्या अज्ञानामुळे वाया गेले, याची खंत मला अजूनही आहे, आणि म्हणूनच आपल्याला हा सल्ला मानू नका असे आग्रहाने सांगतो.

आता उपटण्याविषयी. पंधरा दिवसांचे अंतर वाईट नाही. कोंब फुटल्यापासून नव्या गाठी धरायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात आणि त्याआधी हिरवा भाग काढला तर जुनी गाठ आपले साठवलेले अन्न खर्च करून पुन्हा फुटते, पण नवी भर पडत नाही. असे वारंवार झाले की गाठ थकते. अडचण व्यवहारात येते. माळी उंच दिसणारी पाती काढतो, हिरवळीच्या उंचीखालची बारीक रोपे तशीच राहतात. मग गौरी-गणपतीत एक फेरी चुकते, दसऱ्याला दुसरी चुकते, आणि त्या पाच-सहा आठवड्यांत आधीच्या चार महिन्यांची झीज भरून निघते. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात फेरी आठ ते दहा दिवसांनी व्हावी आणि ती कुणी केली, केव्हा केली याची नोंद ठेवावी.

जिथे लव्हाळा ठिपक्याठिपक्यांनी आहे तिथे उपटण्याऐवजी उकरून काढणे उत्तम. काळी माती ओली असताना खुरप्याला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते, त्यामुळे हे काम वाफशावरच, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी असताना, करावे; पाऊस नसेल तर दोन दिवस आधी पाणी देऊन वाफसा आणावा. रोपाच्या भोवती वीतभर रुंद आणि तेवढेच खोल असे मातीचे ढेकूळ अखंड उचलावे, घमेल्यात फोडावे, गाठी आणि धुमारे वेचून घ्यावेत, आणि खड्डा चाळलेल्या मातीने भरून त्यावर लॉनच्या निरोगी भागातून काढलेला हरळीचा तुकडा बसवावा. उघडी माती तशीच सोडली तर तिथे पुन्हा कोणते ना कोणते तण येणारच. काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. पत्र्यावर पसरून कडक उन्हात वाळवाव्यात किंवा जाळाव्यात. प्रत्येक उकरलेल्या जागी एक काडी रोवून ठेवावी, कारण तीन आठवड्यांनी त्याच जागी राहिलेली एखादी गाठ हमखास डोके वर काढते.

लव्हाळा निम्म्याहून अधिक जागेत पसरला असेल तर केवळ खुरप्याने तो आवरणे घरच्या माणसांना शक्य होत नाही, आणि तेव्हा तणनाशकाचा विचार करावा लागतो. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळायचे दाणेदार रूप) हे द्रव्य लव्हाळ्याच्या पानांतून गाठीपर्यंत उतरते आणि हरळीला सहसा इजा करत नाही. आपल्याकडे ते मुख्यतः उसातील लव्हाळ्यासाठी विकले जाते, तर अमेरिकेत हेच द्रव्य हिरवळीसाठीही वापरतात. इथल्या लेबलवर घरचे लॉन हे नाव नसल्याने ते वापरण्यापूर्वी जाणकाराशी बोलणे मी आवश्यक मानतो. आपण परभणीतच आहात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्या गावात १९७२ पासून आहे, आणि तेथील कृषिविद्या विभागात एक उपटलेले रोप नेऊन विचारणे हा दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यापेक्षा कितीतरी खात्रीचा मार्ग आहे.

या द्रव्याची मात्रा फार अल्प असते आणि तिथेच घरगुती वापरात चूक होते. उसासाठी एकरी ३६ ग्रॅम हे प्रमाण आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, तेव्हा आपल्या ६०० चौरस फुटांना जेमतेम अर्धा ग्रॅम पुरतो. हे प्रमाण चमच्याने मोजता येत नाही. अंदाजाने चिमूटभर टाकली तर मात्रा सहज जास्त होते, हरळी पिवळी पडते आणि जमिनीत राहिलेला अंश शेजारच्या फुलझाडांना बाधतो. सोन्या-चांदीचे वजन करतात तशा बारीक काट्यावरच ते तोलावे, आणि तशी सोय नसेल तर वापरूच नये. अर्धा ग्रॅम अडीच लिटर पाण्यात मिसळून, सोबत स्टिकर (फवारा पानाला चिकटवून ठेवणारे द्रव्य) घालून, तणनाशकासाठीच राखून ठेवलेल्या वेगळ्या पंपाने फवारावे. ज्या पंपाने तणनाशक मारले त्याने पुढे गुलाबावर किंवा भाजीवर औषध मारू नये.

फवारणीच्या वेळेला मात्रेइतकेच महत्त्व आहे. रोपे चार-पाच पानांची, तजेलदार आणि जोमाने वाढणारी असताना द्रव्य गाठीपर्यंत पोहोचते. उन्हाने सुकलेल्या रोपावर ते पानातच अडकते. मराठवाड्यात यासाठी दोन वेळा साधतात: मृगाचा चांगला पाऊस होऊन लव्हाळा तरारला की जूनअखेर ते जुलै, आणि पावसाची उघडीप पाहून सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. फवारणीच्या दोन-तीन दिवस आधी आणि नंतर कापणी करू नये, वारा शांत असताना सकाळी फवारावे आणि पुढचे चार-सहा तास पाऊस येणार नाही असा दिवस निवडावा. परिणाम सावकाश दिसतो. पहिला आठवडा काहीच घडले नाही असे वाटते, मग पाती पिवळी पडू लागतात आणि रोप मरायला तीन-चार आठवडे लागतात. त्यामुळे आठ दिवसांत अधीर होऊन दुसरी फवारणी करू नये. दुसरी गरज भासलीच तर किमान सहा आठवड्यांनी करावी. आपले लॉन हरळीचे नसून रोपवाटिकेने वेगळ्या नावाने दिलेल्या जातीचे असेल तर आधी कोपऱ्यातल्या एका चौरस मीटरवर फवारून तीन आठवडे थांबावे.

एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी. फवारलेल्या लॉनवरच्या दूर्वा गणपतीसाठी खुडू नयेत आणि तिथले कापलेले गवत गाईला घालू नये. फवारा पूर्ण वाळेपर्यंत लहान मुले आणि पाळीव प्राणी त्यावर जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

सुचवलेल्या बाकी तिन्ही उपायांविषयी थोडक्यात सांगतो. २,४-डी रुंद पानांच्या तणांसाठी आहे. लव्हाळ्याची पाती त्याने वाकडी होतील, गाठी मरणार नाहीत. शिवाय आपल्या गावांच्या कडेला वस्ती संपते तिथे कपाशी सुरू होते, आणि कपाशी या द्रव्याला इतकी नाजूक आहे की वाऱ्याबरोबर गेलेल्या अल्पशा तुषारांनीही तिची पाने भेंडीच्या पानांसारखी होऊन वाढ बिघडते. एका अंगणासाठी दुसऱ्याच्या पिकावर संकट आणणे योग्य नाही. ग्लायफोसेट हिरवे ते सर्व मारते, म्हणजे लव्हाळ्याआधी आपले लॉन जाईल. त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले होते, हेही ध्यानात असावे. मिठाने तर जमीनच बिघडते. आपल्या काळ्या मातीत सोडियम वाढले की चिकणमातीचे कण फुगून विखुरतात, पाणी झिरपेनासे होते आणि हरळीचेही नुकसान होते.  बोअरच्या खारट पाण्याने आधीच त्रासलेल्या जमिनीत वरून मीठ घालणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे.

आता हरळीकडे वळतो, कारण खरे काम तिथे आहे. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. दाट हरळीखाली ज्या गाठीचा कोंब उजेडाला मुकतो ती क्षीण होते, आणि विरळ लॉनमध्ये तीच गाठ महिन्याभरात घर करते. मी पाहिलेल्या बहुतेक लॉनमध्ये लव्हाळा शिरण्याआधी हिरवळ विरळ झालेली होती. तिची कारणे आपल्याकडे तीन-चारच असतात.

पहिले कारण पाणी देण्याची रीत. रोज संध्याकाळी पाइपने पाच मिनिटे शिंपडले की वरचा बोटभर थर सतत ओला राहतो, हरळीची मुळे वरच रेंगाळतात आणि लव्हाळ्याला हवी तशी ओल मिळते. त्याऐवजी चार-पाच दिवसांनी एकदा, माती वीतभर खोल भिजेल असे पाणी द्यावे. पावसाळा सोडून इतर दिवसांत आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी धरले तर ६०० चौरस फुटांना सुमारे १,४०० लिटर लागतात, आणि उन्हाळ्यात याहून जास्त. जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते तिथे एवढे पाणी लॉनला देणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि टंचाईत ते देऊही नये. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी आमच्याकडची कित्येक लॉने आम्ही वाळू दिली होती. हरळी वरून पूर्ण वाळली तरी काशा जिवंत असतात, आणि पहिल्या चांगल्या पावसाबरोबर ती परत आली. मात्र तशा वर्षी पावसाच्या सुरुवातीच्या तीन आठवड्यांत खुरपे घेऊन रोज फेरी मारावी लागते, कारण लव्हाळाही त्याच पावसाची वाट पाहत असतो. कुठे नळ किंवा पाइपचा सांधा झिरपत असेल तर तो आधी दुरुस्त करावा. लव्हाळ्याचा पहिला ठिपका पुष्कळदा तिथेच सापडतो.

दुसरे कारण कापणी. घट्ट, गालिचासारखे दिसावे म्हणून लॉन अगदी जमिनीलगत कापण्याची सवय पडली आहे, आणि त्याने हरळीची शक्ती जाते. उंची तीन ते पाच सेंटीमीटर ठेवावी आणि एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नये. कापणीनंतर दोन दिवसांनी लॉनवर तिरपी नजर टाकावी. जे हरळीच्या वर उठलेले दिसेल तो लव्हाळा, इतका तो तिच्याहून वेगाने वाढतो. शोधायला याहून सोपी वेळ नाही.

तिसरे कारण खत आणि चुनखड. जून ते सप्टेंबर या काळात महिन्यातून एकदा चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया, म्हणजे आपल्या जागेला साधारण ५५० ग्रॅम, कोरड्या पात्यांवर सारखा फेकून लगेच पाणी द्यावे. युरिया देऊनही पाती पिवळीच राहिली आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर तो लोहाचा अभाव असतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मोसंबीच्या बागांत हेच दिसते. त्यासाठी हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात, ऊन उतरल्यावर फवारावे. फरशीवर त्याचे थेंब पडू देऊ नयेत, कारण तांबूस डाग जात नाहीत.

चौथे कारण काळ्या मातीच्या भेगा. एप्रिल-मेमध्ये जमीन उलते तेव्हा हरळीच्या काशा तुटतात, भेगांत बी जाऊन पडते आणि पावसाळ्यात त्या रेषांवरूनच तणांच्या ओळी उगवतात. चाळलेले, पूर्ण कुजलेले कंपोस्ट आणि धुतलेली वाळू यांचे मिश्रण मेअखेर या भेगांत झाडूने लोटून भरावे.

इतर तणांसाठी एवढी यातायात लागत नाही. आंबोशीच्या शेंगा तडकून बी लांब उडते, म्हणून पिवळे फूल दिसताच ती काढावी. घोळ उपटून तिथेच टाकली तर तिचे तुकडे पुन्हा मूळ धरतात. ती टोपलीत घ्यावी, आणि फवारणी केलेली नसेल तर भाजीला उत्तम आहे. केना फसवा आहे, कारण निळ्या फुलांखेरीज तो जमिनीखालीही फुले धरतो आणि तिथेच बी बनवतो. कोवळा असतानाच मुळासकट काढावा. गाजर गवताची पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंद झाली आणि आज ते प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. एका रोपातून हजारो बिया पडतात, त्यामुळे आपल्या लॉनपेक्षा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचे गाजर गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून, उपटणे अधिक उपयोगाचे ठरते.

लव्हाळा आपल्याकडे आला कुठून, याचाही शोध घ्यावा. बहुतेक वेळा तो भरावासाठी आणलेल्या मातीतून येतो. नदीकाठची किंवा बागायती रानातली मऊ माती दिसायला सुंदर असते आणि गाठींनी भरलेली असते. ट्रॉली रिकामी करण्याआधी चार-पाच ठिकाणची माती घेऊन कुंडीत भरावी, पाणी घालून पंधरा दिवस ठेवावी, आणि काय उगवते ते पाहूनच माती विकत घ्यावी. तयार लॉनचे तुकडे घेतानाही दोन-चार तुकडे उलटून खालची बाजू तपासावी.

लॉन नव्याने लावण्याची वेळ खरोखर आलीच, म्हणजे हरळी पाव जागेतही उरलेली नसेल, तर ते काम उन्हाळ्यातच करावे आणि हाताने करावे. मार्चअखेर कुदळीने वीतभर खोदून गाठी वेचाव्यात. ढेकळे न फोडता ठेवली तर त्यांच्या पोटातल्या गाठी वाळत नाहीत, म्हणून ढेकळे फोडून माती दर आठवड्याला खालीवर करावी. उघड्या पडलेल्या गाठी कडक उन्हात दोन आठवड्यांत मरतात. त्यानंतर जागा सपाट करून पाणी द्यावे आणि २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद, कडा मातीत दाबून, सहा आठवडे अंथरावा. काळा कागद घेऊ नये. लव्हाळ्याचा टोकदार कोंब अंधारात सरळ वर येऊन काळा कागद भोसकतो, पण पारदर्शक कागदाखाली उजेड लागताच त्याची पाने उघडतात आणि तिथल्या उष्णतेने करपतात. खोलवरच्या काही गाठी यातूनही वाचतील. कागद काढल्यावर पहिल्या पावसानंतर तीन आठवडे जागा रिकामीच ठेवावी, जे फुटेल ते उकरून काढावे, आणि मगच जुलैच्या मध्यावर हरळीचे ठोंब चार-चार इंचांवर टोचावेत.